आडव्या आठाच्या केसभर अलीकडे

मी एक लेन्स बोलतेय. कॅमेऱ्याची. तोंडावर काच, पोटात काच आणि सध्या कमरेला एक चिकटपट्टी. पट्टीच्या कडेला डिंक बाहेर आलाय, डिंकावर लोकरीची कुसं चिकटलीत आणि त्या कुसांत एका कुत्र्याचा केस आहे. या घरात कुत्रा नाही. तो केस कुठून आला ते मला विचारू नका, नुसतं आठवलं तरी मळमळतं.

माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म जर्मनीतला. त्या देशाचे दोन तुकडे होते, त्या काळातला. नदीकाठी कारखाना होता आणि तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका काचा घासायच्या. इतक्या वर्षांत मला भेटलेली स्वच्छ माणसं तेवढीच. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या कमरेच्या कड्यावर अंतराचे आकडे कोरले. दोन मीटर, पाच, दहा, वीस आणि सगळ्यांच्या शेवटी एक आडवा आठ. आडवा आठ म्हणजे अनंत. डोंगर, चंद्र, तारे, जे जे म्हणून लांब आहे ते तिथे. म्हाताऱ्यानं फुंकर मारून धातूचा कीस उडवला आणि म्हणाला, "झालं. याच्यापुढे काही नाही."

मला त्या खुणेचा फार अभिमान वाटायचा. नंतरच्या आयुष्यात माझ्या अंगावर धड राहिलेलं तेवढं एकच होतं.

पहिला मालक फिनलंडमधला, लग्नाचे फोटो काढणारा. तीस वर्षं मी त्याच्याकडे काढली. तीस वर्षं सायीचा केक कोंबलेली तोंडं बघितली. काच पुसायची त्याची रीत अशी, की तोंड जवळ आणून 'हाः' करून माझ्यावर श्वास सोडायचा आणि मग टायनं पुसायचा. कांदा, खारवलेला मासा आणि पाचवी कॉफी. शी! मग नवे कॅमेरे आले, मी खोक्यात गेले आणि शेवटी जुन्या बाजारात एका टेबलावर पडले. एका बाजूला वॅफलचा साचा, दुसऱ्या बाजूला नाताळात सजावटीला ठेवतात तो गवताचा बोकड, तोही तीनच पायांचा. तिथून मला ओइवानं उचललं. पदरी पडलं आणि पवित्र झालं, दुसरं काय?

ओइवा म्हणजे फिनलंडच्या उत्तर टोकाच्या, लॅपलंडच्या एका खेड्यातला निवृत्त ड्रायव्हर. चौतीस वर्षं त्यानं रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली. माणूस आडदांड, बोलणं मोजकं, बोटं सॉसेजएवढी जाड. त्याची बायको हिल्या. ही त्याच मुलखात टपाल वाटायची आणि कोंबडीनं पाय ओढल्यासारखं अक्षर असलं तरी पत्ता एका नजरेत वाचायची. पण दोन वर्षांपूर्वी तिचा एक डोळा गेला. यंदा ऑक्टोबरात ती घराच्या पायऱ्यांवरून घसरली, खुबा मोडला आणि चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात जाऊन पडली. त्यात डॉक्टरांनी सांगितलं, की दुसरा डोळाही जातोय. वसंतापर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही.

मला विकत घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओइवानं मला तिच्या खाटेजवळच्या टेबलावर ठेवलं, म्हणून हे सगळं मला ठाऊक आहे.

"हे काय आणलंस?" हिल्यानं विचारलं.

"तूच म्हणालीस ना, कृत्तिका बघायच्यात."

"मला बघायच्यात रे. फोटो कुठे मागितला?"

"तुला बाहेर नेऊ देत नाहीत. खिडकीतून तर गाड्या लावायच्या जागेतला दिवा दिसतो. मग?"

मग हिल्यानं सांगितलं, मला की त्याला कोण जाणे. तिच्या लहानपणी शनिवारी सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जायच्या आधी तिचे वडील सगळ्या पोरांना अंगणात उभे करायचे आणि आकाशातल्या कृत्तिका मोजायला लावायचे. सात मोजल्या तर डोळे शाबूत. सहा मोजणाऱ्याला आठवडाभर 'कोंबडी' म्हणायचे. एकदा हिल्यानं नऊ मोजल्या. वडील म्हणाले, खोटारडी. सगळी भावंडं हसली आणि तिला सॉनात सगळ्यात शेवटी पाठवलं, पाणी थंड झाल्यावर.

"नऊ होत्या," हिल्या म्हणाली. "पण जाऊ दे. तू मला सात आण. सात वेगवेगळ्या. मी मोजणार. एक जरी कमी भरली तर फोटो परत घेऊन जायचा, भिंतीला लावायचा नाही."

"आणि हे यंत्र बरोबर आणत जा," ती पुढे म्हणाली. "नाहीतर कुठून तरी छापून आणशील."

असा सौदा ठरला. मुदतही ठरलेलीच होती. एप्रिल सरला की आमच्याकडे आकाश धड काळं होत नाही, तारे दिसतच नाहीत. आणि त्याच्या आधी हिल्याचा डोळा.

आता उर्होबद्दल सांगते. सांगावंच लागेल. उर्हो म्हणजे शेजारी. वय सत्तर, ज्ञान अथांग, सगळं ऐकीव. मी ओइवाच्या नव्या कॅमेऱ्यावर बसत नव्हते, तेव्हा मधे घालायचं एक स्वस्तातलं कडं यानंच टपालानं मागवून दिलं. ते कडं केसभर पातळ होतं. माहेरी मी मापात होते, पण या नव्या सासरी माझे सगळेच आकडे सरकले. हे ना उर्होला कळलं, ना ओइवाला. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

डिसेंबरातला शनिवार. संध्याकाळचे पाच, उणे बावीस अंश, आकाश काळंभोर; आमच्याकडे डिसेंबरात सूर्य जेमतेम डोकावतो. ओइवानं कॅमेऱ्याची तिपाई बर्फात रोवली आणि मला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. उर्हो काखेत टॉवेल मारून हजर होताच. शनिवारी सॉना ओइवाकडेच तापायचा.

"आडव्या आठावर लाव आणि सोड," उर्हो म्हणाला. "तारे अनंतावर असतात. शाळेत गेला होतास ना?"

"लिहिलंय तिथे," ओइवा म्हणाला आणि कडं कट्ट करून शेवटपर्यंत फिरवलं.

ओइवाचा खुणेवर विश्वास का, हे समजून घ्या. बर्फ पडायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवतात. सगळं पांढरं झालं की रस्ता कुठे आणि शेत कुठे ते काठीच सांगते. चौतीस वर्षं हा माणूस काठी बघून गाडी हाकत आला. खूण आहे म्हणजे ती खरी आहे, एवढंच त्याला ठाऊक.

त्यांनी फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर बघून दोघांनी माना डोलावल्या. "झकास!" उर्हो म्हणाला. माणसांच्या या 'झकास'चा मला मनापासून तिटकारा आहे. बोटाएवढ्या चित्रात सगळंच झकास दिसतं.

रविवारी हिल्यानं छापील फोटो नाकाशी धरला.

"हे काय आहे?"

"कृत्तिका."

"उकडलेले बटाटे आहेत हे. तेही एकमेकांना चिकटलेले. परत ने."

"हवा खराब होती," ओइवा म्हणाला. हवा आरशासारखी होती, मी होते ना तिथे! मला त्याची शिसारी आली.

पुढच्या शनिवारी ओइवानं शोध लावला, की मी थंडीनं आखडते. आणि आमच्या लोकांना औषध एकच ठाऊक. पाठ दुखली, सॉना. सर्दी झाली, सॉना. जावई आवडला नाही, सॉना. दोन फोटो काढायचे आणि मला उचलून सॉनाच्या कपडे बदलायच्या खोलीत आणायचं, बाकावर ऊब घ्यायला ठेवायचं, पुन्हा बाहेर न्यायचं. असा त्यांनी संध्याकाळभर खेळ मांडला. धातू गारठला की आकसतो आणि तापला की फुगतो, बाहेर जमवलेलं सगळं आत आलं की बिघडतं, हे त्यांना कोणी सांगायचं? शिवाय दार उघडलं की वाफेचा लोट. माझ्या तोंडावर पाणी, पोटात पाणी, आणि बाहेर नेलं की त्या पाण्याचा बर्फ.

तेवढ्यात उर्हो आतून आला. अंगावर फक्त लोकरी टोपी. एका हातात सॉसेज, त्याला मोहरी फासलेली.

"अरे, हिला घाम आलाय," तो म्हणाला, आणि ज्या टॉवेलवर तो इतका वेळ बसला होता, त्याच टॉवेलनं त्यानं माझं तोंड पुसलं.

मी लग्नांतला केक सोसला होता, कांद्याचे श्वास सोसले होते. पण त्या क्षणी मला वाटलं, तडा जावा आणि एकदाचं सुटावं. त्या शनिवारचा फोटो हिल्यानं नाकापर्यंतही नेला नाही.

जानेवारी गेला. ओइवा दर शनिवारी फोटो काढायचा आणि दर रविवारी तोंड पाडून परत आणायचा. कधी ढगांवर खापर फोडायचा, कधी चंद्रावर. रविवारी हिल्या कागद डोळ्याच्या जास्तच जवळ धरायला लागली होती. ते त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

मग उर्होला ती घाणेरडी कल्पना सुचली.

"सातच हव्यात ना तिला?" तो म्हणाला. "मग मी काँप्युटरवर सात ठिपके काढून देतो. म्हातारीला काय कळतंय?"

ओइवा बराच वेळ कॉफी ढवळत बसला. मी टेबलावरून बघत होते. मला वाटलं, हा आता उर्होला टोपीसकट बाहेर काढेल. पण तो म्हणाला, "बरं, काढ."

त्या रविवारी हिल्यानं फोटो बघितला. तिरकी मान करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, कारण मधलं तिला आता नीट दिसत नव्हतं. तिनं मोजले. सात भरले. ओइवा हसू आवरत उभा.

"हे सगळे एकाच मापाचे आहेत," हिल्या म्हणाली.

"असतील."

"नसतात. एक मोठी असते. दोन तर इतक्या बारीक, की श्वास रोखावा लागतो. ही बटणं आहेत, ओइवा. बटणं कुणी शिवली?"

ओइवानं टोपी काढली.

"मी आंधळी होणार आहे," हिल्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अजून झाले नाही. तेवढे दिवस तरी मला खरं दाखव. नाही जमत तर नाही जमत म्हण. पण चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्यानं मला असं फसवू नये."

ओइवाच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. तो खाली बसला आणि टोपी हातात चुरगाळत राहिला. शेवटी म्हणाला, "नाही जमत. मी काठीवर लावतोय आणि तरी चुकतंय."

"कुठली काठी?"

त्यानं मला तिच्या हातात दिलं आणि तिचं बोट आडव्या आठावर ठेवलं. हिल्याची बोटं कोरडी आणि स्वच्छ होती.

"हिच्यावर लिहिलंय, अनंत इथे," तो म्हणाला. "चुकीची काठी कोण रोवेल?"

"सत्त्याऐंशी साली तू कुठे गेला होतास?"

ओइवानं मान खाली घातली. "ओढ्यात. गाडीसकट."

"का?"

"कोणीतरी काठी चुकीची रोवली होती."

खाटेजवळ रक्तदाब मोजायला आलेली इंका नावाची नर्स फिसकन हसली. मला मात्र हसू आलं नाही. चाळीस वर्षं जी खूण मी अंगावर मिरवली, तीच खोटी बोलत होती? सगळा हिवाळा मी या माणसांना नावं ठेवली, आणि घाण माझ्याच कमरेवर कोरलेली होती! स्वतःची किळस येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"तू गाडीत रेडिओ कसा लावायचास?" हिल्यानं विचारलं. "आकड्यावर?"

"छे. आकडा कधी बरोबर नसायचा. आवाज लागेपर्यंत फिरवायचो. पुढे जायचं, खरखर आली की मागे यायचं. मग पुन्हा थोडं पुढे."

"मग इथे काय धाड भरलीये?"

"पण त्या एवढ्याशा पडद्यावर तारा लागलाय की नाही, ते कळत नाही."

इंकानं हातातला पट्टा खाली ठेवला, कॅमेरा घेतला आणि मागचं एक बटण दाबलं. पडद्यावरचा टेबलावरचा कप एकदम दहापट मोठा झाला, इतका, की त्यावरची चीर दिसायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन महिने ते बटण ओइवाच्या अंगठ्याखाली होतं.

"आणि तिला सॉनात नेऊ नकोस," हिल्या म्हणाली. "वास येतोय."

पुढच्या शनिवारी, फेब्रुवारीच्या मध्यावर, ओइवानं मला दुपारीच बाहेर बर्फात नेऊन ठेवलं. तास झाला, दीड तास झाला. मी पुरती गारठले आणि माझं आकसायचं तेवढं आकसून झालं. उर्हो आला तर ओइवानं त्याला सांगितलं, "तू आत बस. आणि सॉसेज आतच ठेव."

आधी त्यानं कॅमेरा एका ठळक ताऱ्याकडे वळवला. बटण दाबलं, तारा पडद्यावर मोठा केला. बटाटा! मग हातमोजा काढला. उणे वीसमध्ये उघडी बोटं. त्या जाड बोटांनी माझं कडं इतक्या हलकेच फिरवलं, की मला ओळखच पटेना. बटाट्याचा वाटाणा झाला. वाटाण्याची मोहरी. मोहरीचं सुईचं टोक. मग तो पुढे गेला आणि पुन्हा वाटाणा झाला. "खरखर," ओइवा स्वतःशीच म्हणाला. मागे आला. पुन्हा टोक. श्वास बाजूला सोडला, माझ्यावर नाही. आणखी एवढंसं मागे, एवढंसं पुढे, आणि थांबला.

आडव्या आठाच्या केसभर अलीकडे.

तिथे त्यानं खिशातली चिकटपट्टी काढून माझ्या कमरेला गुंडाळली, म्हणजे कडं हलू नये. खिशातली सगळी घाण तिच्याबरोबर आली, तो कुत्र्याचा केससुद्धा. मग घरात जाऊन हिल्याची लाल नेलपॉलिश आणली आणि खऱ्या जागी एक ठिपका दिला. नंतर कॅमेरा कृत्तिकांकडे वळवला.

मी तोपर्यंत लग्नं बघितली होती, पण इतकं स्वच्छ काही बघितलं नव्हतं. हे मी कौतुकानं बोलतेय, लक्षात घ्या, मला त्याची सवय नाही.

चांगल्या कागदावर फोटो छापून यायला दोन आठवडे गेले. मार्चचा पहिला रविवार उजाडला. ओइवानं दाढी केली होती. वेलदोड्याचा पाव नेला होता, मला नेलं होतं आणि फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून नेला होता.

हिल्यानं कागद धरला. जवळ नेला, लांब धरला, मान तिरकी केली, दुसरीकडे तिरकी केली. बराच वेळ गेला. कॉफीवर साय धरली.

"अजून धूसरच आहे रे," ती म्हणाली.

इंका उशी बदलत होती. तिनं फोटोकडे बघितलं आणि तिचं तोंड उघडलं. "पण हा तर एकदम—"

ओइवानं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. ती पुन्हा उशीकडे वळली.

"हो," ओइवा म्हणाला. "माझंच चुकलं. सॉनात नेली होती पुन्हा."

"गाढव आहेस."

"आहे."

इतका हिवाळा हा माणूस खोटं बोलला आणि दर वेळी मला ओकारी आली. या वेळी आली नाही.

दर रविवारसारखा त्यानं फोटो परत न्यायला हात पुढे केला. ठरलंच होतं तसं. पण हिल्यानं कागदाची कड सोडली नाही. तिनं त्यावर अंगठा फिरवला, मग त्याचा हात चाचपला आणि मग माझी पट्टी, डिंक, कुसं, सगळं.

"राहू दे," ती म्हणाली. "लाव भिंतीला."

ओइवा तसाच उभा राहिला. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं. दोघांपैकी कोणीच ते बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. त्यानं चार टाचण्या घेतल्या आणि फोटो तिच्या समोरच्या भिंतीला लावला.

"आता मोज," हिल्या म्हणाली. "मोठ्यानं. आणि बटणं मोजू नकोस."

ओइवानं बोट टेकवत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सहानंतर तो वाकला. सात. मग नाक भिंतीला लागेपर्यंत पुढे गेला. आठ. आणि बारीक, मोठ्या ताऱ्याच्या सावलीत दडलेली आणखी एक.

"नऊ," तो म्हणाला.

"किती?"

"नऊ आहेत, हिल्या. मी दोनदा मोजल्या."

हिल्यानं डोळे मिटले आणि उशीवर मान टाकली.

"मी सांगितलं होतं बाबांना," ती म्हणाली.

आता मे महिना आहे. आमच्या आकाशात तारे नाहीत आणि हिल्याला भिंतही दिसत नाही. पण दवाखान्यात कोणी नवं आलं, की ती त्याला फोटोपुढे उभं करून मोजायला लावते, आणि जो सातावर थांबतो त्याला कोंबडी म्हणते. मी ओइवाच्या कपाटात, एका धुतलेल्या मोज्यात पडून आहे. मोजा धुतला होता, एवढं मी मान्य करते.

तुम्हीही कधी मला किंवा माझ्या एखाद्या बहिणीला घेऊन ताऱ्यांकडे गेलात, तर माझ्यावर कोरलेल्या खुणेवर विसंबू नका. मीही विसंबून फसले. तारा मोठा करून बघा, पुढे जा, मागे या, श्वास बाजूला सोडा. टॉवेल लांब ठेवा. उर्हो आणखी लांब ठेवा.

आणि ही पट्टी फार घाण आहे, मला तिची किळस येते. पण ती काढू नका. तिच्याखाली मी जिथे थांबलेय, तिथून नऊ दिसतात.